३३ इंची टायरची थार आणि जांबोटीकडची पाणंद

पत्र : मी खानापूर तालुक्यातला, वय २८. बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी मशीनवर (संगणकाने चालणारं धातू कापायचं यंत्र) काम करतो. जांबोटीच्या अलीकडे आमचं भात आणि काजू आहे. हमरस्त्यापासून खळ्यापर्यंत तीन किलोमीटर पाणंद, मध्ये एक ओढा. जून ते सप्टेंबर दुचाकीसुद्धा जात नाही. चंदगडकडे २०१६ ची थार सीआरडीई (डिझेल इंजिनाची) फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, बघितली आहे, एमएच-०९ पासिंगची. ३३ इंची मड टायर, तीन इंच लिफ्ट, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायची मोटर), काचेच्या वर एलईडी बार, सगळं केलेलं. सव्वासात लाख म्हणतोय. आप्पांना दवाखान्याला बेळगावला मीच घेऊन जाणार, ते म्हणतात बोलेरो घे. मित्र म्हणतात, एवढं काम स्वतः करायला गेलास तर दोन लाख जातील, हीच उचल. नंबरही एमएचचाच ठेवावा असं मनात आहे. काय करू? दुसरा बंपर लागला तर तो मीच बनवीन.

उत्तर : आधी निर्णय सांगतो, कारण तुम्ही बहुतेक टोकन द्यायच्या बेतात आहात. ही गाडी आज आहे तशी आणि त्या किमतीला घेऊ नका. पण थार घ्यायचा विचारही सोडू नका. तुमच्या पाणंदीला फोर बाय फोरच लागणार आहे.

आप्पांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बोलेरो दणकट आहे, तिचं काम खानापुरातला कुठलाही मिस्त्री करतो आणि पार्ट कुठंही मिळतात. रस्त्यापासून शेतापर्यंत मुरूम टाकलेला असता तर मीही बोलेरोच सांगितली असती. पण तुमच्याकडची तांबडी माती पावसात साबणासारखी होते, खाली जांभ्याचा खडक, त्यावर शेवाळ. ओढ्यातून वर येताना मागची दोन चाकं फिरायला लागली की गाडी कितीही दणकट असली तरी तिथंच उभी राहते. पुढची चाकं ओढणारी हवीत आणि लो गिअर हवा. लोमध्ये थारचा जोर जवळपास अडीच पट होतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर न दाबता, चालत्या माणसाच्या वेगाने चढ चढता येतो. चिखलात गाडी निघते ती या सावकाशपणामुळेच. शिवाय २०१५ च्या बदलानंतरच्या सीआरडीईला मागच्या हाउसिंगमध्ये (दोन चाकांमधल्या ॲक्सलच्या लोखंडी पेटीत) मेकॅनिकल लॉकर येतो. एक चाक जागेवर फिरायला लागलं की खट् आवाज होऊन दोन्ही चाकं एकत्र फिरतात. तुमच्या ओढ्यासाठी जे हवं ते कंपनीनेच देऊन ठेवलेलं आहे. दोन लाखांच्या कामापेक्षा मला याची किंमत जास्त वाटते.

आता त्या कामाबद्दल. तुम्ही मशीनवर काम करता, म्हणून हिशेबच मांडतो. या गाडीचा मूळ टायर २३५/७० आर १६, म्हणजे व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. ३३ इंची म्हणजे ८३८. व्यासात १०३ मिलिमीटर वाढ झाली, पण गाडीचं पोट वर गेलं त्याच्या निम्मं, ५१ मिलिमीटर. या दोन इंचांसाठी प्रत्येक गिअर १४ टक्क्यांनी लांब झाला. पहिल्या गिअरमध्ये ओढ्याच्या चढावर जो जोर मिळायचा तो तेवढा घटला आणि त्याचा भार क्लचवर आला. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ ने पळत असते. जड चाक थांबवायला ब्रेक मात्र तेच जुने.

लिफ्टचंही तसंच. तीन इंच लिफ्ट केली म्हणजे गाडीखाली तीन इंच जागा वाढली असं वाटतं. बॉडी आणि चॅसी वर जातात, पण मागचं हाउसिंग जिथं होतं तिथंच राहतं, कारण ते चाकांना बांधलेलं असतं. पाणंदीत मधल्या वरंब्यावर घासतं ते हाउसिंगच, आणि त्याला वर उचलतो फक्त टायर. पुढच्या बाजूला सीआरडीईला पाटे नसतात, टॉर्शन बार असतात. बरेच जण ते बार पिळून पुढची बाजू वर घेतात. दिसायला गाडी ऐटीत उभी राहते, पण ॲक्सलचे जॉइंट वाकड्या कोनात फिरायला लागतात, रबरी बूट फाटतात, आत चिखल शिरतो, मग वळताना कट्-कट् आवाज सुरू. चंदगडच्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश एक गोल घ्या आणि तो आवाज येतो का ऐका.

यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे आणि ती मी स्वतः भोगली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी एमएम ५४० जीप होती. एका गॅरेजात मी तिला लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला धरणाऱ्या पट्ट्या) टाकून दोन इंच वर घेतली. मिस्त्रीने पाटे बदलले, शॉकॲब बदलले, ब्रेकचा रबरी पाइप मात्र जुन्याच लांबीचा ठेवला. सपाटीवर सगळं ठीक होतं. जांबोटीच्या पुढे एका नाल्यात पुढचं डावं चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबलं, पाइप ताणला गेला आणि लोखंडी कॉलरपाशी निसटला. मला ते कळलंही नाही. नाल्यातून वर येऊन उतारावर पेडल दाबलं तर ते फळीला टेकलं. गाडी लोमध्ये होती म्हणून इंजिनाने धरली, आणि भाताच्या बांधाला लागून थांबली. बांधावर तेव्हा कुणी बसलेलं नव्हतं. तो पाइप मी अजून ठेवलाय. अंगठ्याएवढा जाड, एका टोकाला कॉलरमधून सरळ बाहेर आलेला, दुसऱ्या टोकाचा नट अजून चकचकीत. गाडी उंच करणारे दहा असतात. उंच केल्यावर ब्रेकचे पाइप, प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि स्टिअरिंगचे रॉड पुन्हा बघणारा एखादाच. त्या थारचं काम कुणी केलं, त्याने काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर मित्र म्हणतात ते दोन लाख तुमच्या हिशेबात उलट्या बाजूला धरा. तेवढाच खर्च ते काढायला येईल.

टायर मात्र बदलाच, पण ऑल-टेरेन (डांबर आणि चिखल दोन्हीकडे चालणारे) घ्या आणि ३१ इंचांच्या पुढे जाऊ नका. तुम्ही आठवड्यात दोनदा पाणंदीत जाणार आणि सहा दिवस बेळगावच्या डांबरावर. मड टायरचे गट्टू ओल्या डांबरावर कमी धरतात, आणि जुलैत चोर्ल्याच्या वळणांवर ते महागात पडतं. पाणंदीत शिरताना हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि गाडी चिखलावर तरंगल्यासारखी चालते. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा आणि हमरस्त्याला लागण्यापूर्वी हवा परत भरा. डांबरावर आलात की फोर बाय फोरचा लिव्हरही टूमध्ये आणा. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सेंटर डिफ्रन्शियल नाही, म्हणजे वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरता येत नाही. कोरड्या डांबरावर फोरमध्ये वळवत राहिलात तर ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीवर) ताण चढत जातो.

विंच काढून ठेवा असं म्हणणार नाही, पण ती पुढच्या टोकावर चाळीसेक किलो वजन घालते, आणि ते टॉर्शन बारांवरच येतं. पूर्ण ताणात ती साडेतीनशे-चारशे अँपिअर ओढते, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग त्या जाडीचं आहे का तेही बघायला हवं. तुमच्या पाणंदीत आजूबाजूला ट्रॅक्टर असणारच. एक चांगला पट्टा, दोन डी-शॅकल आणि चॅसीला पक्के बसवलेले हुक यांवर तुमचं भागेल. ओढताना पट्टा टोइंगच्या गोळ्याला कधीच अडकवू नका. तो गोळा तुटून सुटला तर मागच्या माणसाचा जीव घेतो. पट्टा ताणल्यावर त्यावर ओलं पोतं टाका आणि गावातली पोरं बघायला जमतात त्यांना लांब उभं करा.

काचेवरचा एलईडी बार काढा. धुक्यात उंचावरचा पांढरा उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर येतो. चोर्ल्याला किंवा तिलारीच्या घाटात पावसात गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा. बंपरमध्ये खाली बसवलेले पिवळे फॉग लॅम्प त्यापेक्षा कितीतरी कामाचे. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात, तोही आपल्यातलाच कुणीतरी घरी निघालेला असतो.

कायद्याचं आता थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर कंपनीच्या मूळ तपशिलाप्रमाणे जे लिहिलंय त्यात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बुल बारविरुद्ध (पुढच्या जादा लोखंडी बंपरविरुद्ध) कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. रस्त्यात कुणी अडवत नाही म्हणून चालतं, हे खरं आहे. पण अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस पहिला फोटो काढतो तो टायरचा आणि बंपरचा. आपल्या गाडीने कुणाला लागलं आणि विमा हात वर करून बसला, तर काजूची बाग विकावी लागेल. म्हणून माझा नेम असा की जो बदल एका दुपारी पाने घेऊन उतरवता येतो आणि खाली मूळ गाडी शाबूत असते तेवढाच करायचा. चॅसीवर वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. गाडीवर हार्डटॉप चढवलेला असेल तर आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय तेही वाचून घ्या.

एमएच नंबरचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण त्यामागचं मला कळतं. सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या दोन अक्षरांचं काय वाटतं ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. तरीही सांगतो, गाडी खानापुरात ठेवणार असाल तर नंबर केएचाच करून घ्या. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथं नोंदणी करावी लागते. तुमचा पत्ता, लायसन्स, नोकरी सगळं इथलं. एखादा अपघात किंवा तक्रार झाली तर या एका कारणावरून तुमची बाजू लंगडी पडेल. रीत अशी : विक्रेत्याने कोल्हापूरच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी काढायची, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, मग २९ आणि ३० वर नाव बदल, आणि बेळगावात केए-२२ ची नोंदणी. कर्नाटकचा आजीवन कर जड आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी बसतो, तरी रक्कम हजारांत नसून लाखाच्या आसपास किंवा पुढेही जाऊ शकते. म्हणून सौदा करण्याच्या आधी बेळगावच्या आरटीओत जाऊन या मॉडेलचा आकडा काढून आणा आणि तो किमतीत धरा. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो. ते पैसे कुणाचे, हे विक्रेत्याशी कागदावर ठरवा. गाडी २०१६ ची म्हणजे २०३१ मध्ये पंधरा वर्षं पुरी होतील. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरापुरती आहे, त्याची भीती कुणी घातली तर मनावर घेऊ नका.

उद्यमबागेतल्या तुमच्या हाताचं मात्र मला कौतुक वाटलं. बंपर मीच बनवीन असं पत्राच्या शेवटी लिहिलंय ना, त्याऐवजी इंजिन आणि ट्रान्सफर केसखालची प्लेट बनवा. साडेतीन-चार मिलिमीटरचा पत्रा, पुढची कड वर वळवलेली म्हणजे दगडात अडकणार नाही, चिखल खाली पडायला भोकं आणि ऑइलच्या ड्रेन बोल्टसमोर पान्हा जाईल एवढी खिडकी. मूळ भोकांतच बोल्टने बसवा. मागे-पुढे ओढायचे हुक बनवणार असाल तर बोल्ट १०.९ ग्रेडचे घ्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक गोष्ट करू नका : चाकं बाहेर काढायला ॲल्युमिनियमचे स्पेसर (चाकाच्या मागे बसवायच्या जाड चकत्या) टर्न करू नका. मशीन समोर असलं की मोह होतो. चाक जेवढं बाहेर जातं तेवढा भार बेअरिंगवर आणि स्टडवर चढतो.

चंदगडला जायचं ठरलं की विक्रेत्याला एवढंच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी थंड इंजिनावर स्टार्टर मारा. गरम करून ठेवलेली गाडी सगळं लपवते. चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. त्यातून इंजिनाच्या ठेक्यावर धूर बाहेर फेकला जात असेल तर रिंगा गेल्या असं समजा. मग गाडीखाली आडवे व्हा. पाट्यांच्या हँगरपाशी आणि मागच्या क्रॉसमेंबरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. चंदगडची गाडी म्हणजे गोव्याच्या आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला वरचेवर जाणारी असू शकते. खाऱ्या वाळूत फिरलेल्या गाडीचा गंज आतून येतो आणि वरून नवा काळा रंग मारलेला असतो. आतली मॅट उचलून पत्रा हाताने चाचपा.

त्यानंतरची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मागच्या हाउसिंगचा भरायचा प्लग उघडायला लावा आणि करंगळी आत घालून तेल बाहेर काढा. स्वच्छ, मधासारखं किंवा काळसर असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी खोल पाण्यात नेलेली आहे आणि क्राऊन-पिनियन, बेअरिंगं गंजायला लागलेली आहेत. पुढच्या हाउसिंगचंही बघा, ट्रान्सफर केसचंही. विक्रेता म्हणेल वेळ नाही. प्लग उघडायला पाच मिनिटं लागतात, पाना तुम्ही घेऊन जा. जवळच्या शेतात मऊ मातीवर लो टाकून दाखवायला सांगा. लिव्हर पडला एवढ्यावर थांबू नका, पुढची चाकं खरंच ओढतात का ते बाहेर उभं राहून डोळ्यांनी बघा. एमपरिवहन ॲपवर नंबर घालून कर्ज, विमा, चलन आधीच बघून ठेवा.

हे सगळं ठीक निघालं आणि विक्रेता मूळ चाकं, मूळ शॅकल-शॉकॲब परत देत असेल, तर लिफ्ट उतरवायचा आणि कराचा खर्च वजा करून सहा लाखांच्या आत बोला. मूळ सामान विकून टाकलं म्हणाला तर परत या. साधी, न छेडलेली सीआरडीई कोल्हापूरकडे, हुबळीकडे, बेळगावातही शोधली तर मिळते. फक्त नव्या थारच्या जाहिराती बघताना सावध राहा. जानेवारी २०२३ पासून थार फोर बाय टूमध्येही, म्हणजे फक्त मागची दोन चाकं ओढणारी, येते. बाहेरून सारखीच दिसते, आत दुसरा लिव्हर नसतो. जिप्सीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण मिळाली तर तीही बघा. हलकी असल्यामुळे चिखलात ती मोठमोठ्यांना मागे टाकते. उत्पादन बंद झालंय, पेट्रोल पिते, आणि पाट्यांवर बसून बेळगाव गाठणं कंबरेला झेपायला हवं.

पाणंदीबद्दल एक सांगायचं राहिलं. जुलैत रोप लावणीला बायका डोक्यावर रोपांच्या पेंढ्या घेऊन त्याच पाणंदीतून येतात. चाकं फिरवत, चिखल उडवत गेलेली एक गाडी अशी चाकोरी पाडून जाते की पुढचे पंधरा दिवस तिथं पाय घोट्यापर्यंत जातो. म्हणून हवा कमी, वेग कमी, आणि चाक मधल्या वरंब्यावर घेऊन जा. जमलं तर मे महिन्यात वाटेतल्या पाच-सहा घरांना बोलावून ओढ्याच्या दोन्ही कडांना जांभ्याचे चिरे बसवून घ्या. खर्च एका मड टायरपेक्षा कमी येईल. आणि मित्र आग्रह करतील की कणकुंबीकडे जंगलात घालूया. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत शिरणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मलप्रभा जिथं उगम पावते तिथल्या झऱ्यांत टायर घालायची मला तरी हिंमत होणार नाही.

चंदगडला जाताना आप्पांना सोबत न्या. या गाडीत मागे समोरासमोर आडवे बाक आहेत आणि चढायला मागच्या दारातून. तीन इंच लिफ्ट आणि ३३ इंची टायर मिळून पायरी पाच इंचांनी वर गेलेली असेल. त्यांना दवाखान्याला घेऊन बेळगावला तुम्हीच जाणार आहात असं लिहिलंय. त्यांना एकदा हात न देता चढू द्या आणि ते कशाला धरतात ते बघा. धरायला काही सापडलं नाही तर तिथं दांडा कुठं बसवायचा याचं माप तिथल्या तिथं घेऊन ठेवा.